स्वयंपाकघरातला झिरा

आमच्या घरी पाण्याचं मशीन आलं ते मायच्या किडन्यांपायी. नाहीतर मी अशा वस्तूच्या वाटेला जाणारा माणूस नव्हे. पन्नाशी ओलांडलेली, नोकरी बुटीबोरीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये, राहायला नागपुरात जरीपटक्याच्या पलीकडे दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. नळाचं पाणी पिऊन वाढलो, उन्हाळ्यात टँकरचंही प्यालो, आणि ठणठणीत राहिलो. पण बाप गेल्यावर मायला गावाहून इकडे आणलं, तिचे पाय सुजायला लागले, तपासण्या झाल्या, आणि धरमपेठेतल्या डॉक्टरांनी रिपोर्ट चष्म्याजवळ धरून सांगितलं की किडन्या अर्ध्याअधिक थकल्या आहेत. औषधं लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि विचारलं, "घरी पाणी कोणतं पिता?" नळाचं, म्हटलं. त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या. त्या भुवयांनीच मशीन विकलं, दुकानदाराला तोंड उघडावं लागलं नाही.

काळं-पांढरं खोकं होतं ते. ओट्याच्या वर भिंतीला ठोकलेलं, पोटात पाण्याची टाकी, समोर तोटी, तोटीच्या वर एक दिवा. सगळं ठीक असलं की हिरवा, नसलं की लाल. मागच्या बाजूने एक पांढरी बारीक नळी निघत होती. बसवायला आलेल्या मेकॅनिकने मला आणि बायकोला अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी अशा भाषेत समजावून सांगितलं. गाळलेलं चांगलं पाणी टाकीत जमा होणार, गाळून उरलेलं क्षारांचं पाणी नळीतून बाहेर जाणार, आणि टाकी भरली की मशीन आपोआप बंद होणार. नळीतून जाणारं पाणी जास्त असतं म्हणाला, ते फेकू नका, फरशी पुसायला घ्या. आम्ही नळीचं टोक ओट्याखालच्या बकेटीत सोडून दिलं. माय दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं बघत होती. तिला कोणी काही सांगितलं नाही, आणि विचारायचा तिचा स्वभाव नाही.

पहिला महिना कौतुकात गेला. बायकोने आल्यागेल्याला मशीनचं पाणी दिलं. मग छळ सुरू झाला.

मी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरायचो, जिने चढून घामाने निथळत स्वयंपाकघरात यायचो आणि ग्लास तोटीखाली धरायचो. तोटी दोन घोट पाणी द्यायची आणि फुसफुसायची. टाकी रिकामी. मशीन मात्र घूं घूं करत चाललेलं. घरात माणसं तीन. त्यातला मी बुटीबोरीला, बायको पतसंस्थेच्या काउंटरवर, म्हणजे दिवसभर घरात एकटी माय. एक म्हातारी बाई एवढं पाणी पिईल कशी? पिते म्हटलं तर तिचा माठ वेगळा. माठ गॅलरीत असायचा, तो घासायचा आणि भरायचा तिचा मक्ता होता. त्याला आम्ही हात लावलेला तिला खपत नसे.

"माय, दिवसा मशीनला पाणी येत होतं का?" मी विचारायचो.

"येत होतं ना. मस्त धार होती," ती म्हणायची.

म्हणजे दिवसा धार आणि मी आलो की खडखडाट. मी कंपनीला फोन लावला. आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे असं एक बाई गोड आवाजात तीन भाषांमधून सांगत राहिली आणि मध्ये बासरी वाजत राहिली. बासरी ऐकून माझं डोकं तापलं. दोन-तीन दिवसांनी मेकॅनिक आला, तोही वेगळाच. दर वेळी वेगळाच यायचा. पहिल्याने काय केलं ते दुसऱ्याला ठाऊक नसायचं, आणि दुसरा आला की पहिल्याला शिव्या घालायचा.

"काकाजी, मशीन एकदम ओके आहे. तुमचा वापरच जास्त होऊन राहिला."

"अरे, तीन माणसं आहोत घरात."

"मंग कुठंतरी लिकेज असंन."

"असंल तर शोध ना बाबा."

त्याने मोबाइलचा उजेड पाडून खोक्याच्या मागे, ओट्याखाली, सगळीकडे बघितलं. "लिकेज तं काही दिसून नाही राहिलं," असं म्हणून सही घेऊन गेला.

मग लाल दिवे सुरू झाले. दिव्याबरोबर मशीन टुंई टुंई ओरडायचं, सकाळी चहाच्या वेळेला तर हमखास. कधी आतली गाळणी भरली, कधी पंप गरम झाला. जे मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा आतला पडदा, इतरांकडे बरंच टिकतं ते आमच्याकडे बघता बघता निकामी व्हायचं. सुटा भाग बदलायचा तर तो नागपुरात नसायचा, पुण्याहून येणार असायचा, आणि पुण्याहून येणारी वस्तू वाटेत कुठे तीर्थाटन करते देव जाणे. नाकापेक्षा मोती जड झाला होता. शेजारच्या घरी अगदी हेच मशीन होतं, ते वर्षभर तोंड मिटून चाललं. आमचंच नशीब फुटकं, असं मी धरून चाललो होतो.

घरात भांडणं लागली. मी म्हणायचो, तू भाज्या त्या तोटीखाली धुतेस. बायको म्हणायची, अहो, मी कशाला धुऊ, तुम्हीच दाढीला घेता. मी दाढीला घेत नव्हतो आणि ती भाज्या धूत नव्हती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं तशी गत, फक्त कुत्रं सापडत नव्हतं. ओट्याखालची बकेट मात्र रोज काठोकाठ भरलेली. बायको त्या बाबतीत खूश होती. त्या पाण्याने फरशी पुसायची, गॅलरीतल्या कुंड्यांना घालायची आणि उन्हाळ्यात कूलर भरायची. कूलरच्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांवर दरवर्षी पांढरा खार चढतो, ताट्या कडक होतात आणि मे संपायच्या आत फेकाव्या लागतात. मशीन आल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात खार चढलाच नाही. यंदा खस चांगला मिळाला, असं मी चारचौघांत सांगत फिरलो. मायच्या माठाला तेवढं बाहेरून पांढरं फुटलं होतं. माठ जुना झाला असेल म्हणून मी तिला नवा आणून दिला.

आणि मायचा रिपोर्ट दर वेळी थोडा थोडा बिघडत चालला होता. डॉक्टर कागद बघायचे, तोच प्रश्न विचारायचे.

"पाणी फिल्टरचंच आहे ना?"

"हो डॉक्टर, फिल्टरचंच. दुसरं नाहीच," मी छातीवर हात ठेवून सांगायचो.

मग मला मशीनचाच संशय यायला लागला. दिवा हिरवा दाखवून आत काहीतरी लबाडी चालली असणार. मेकॅनिकजवळ पेनासारखं एक यंत्र असतं, ते पाण्यात बुडवलं की आकडा येतो. ते मी त्याला माझ्यासमोर बुडवायला लावलं. आकडा चांगला आला. माझा विश्वास बसला नाही. बाटली भरून मी एका प्रयोगशाळेत नेऊन दिली, तिथूनही पाणी उत्तम असल्याचा कागद आला. आता यावर माणसाने काय बोलावं? पाणी उत्तम, मशीन उत्तम, आणि माझी माय पायऱ्या चढताना धापा टाकते. मला कोणाचा तरी गळा धरायचा होता आणि गळा मिळत नव्हता.

तो मिळाला दुसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटाला, एका रविवारी दुपारी.

चौकातला ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून उडाला आणि अख्ख्या वस्तीची लाइन गेली. कूलर बंद, पंखे बंद. बायको बाजारात गेलेली. मी बनियनवर गॅलरीत वर्तमानपत्राने वारा घेत होतो. पाणी प्यायला आत आलो तर माय स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून बसलेली. तिचा माठ घासून ओट्यावर पालथा घातला होता. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"माय, तहान लागली का?"

"लागली तं. पण लाइन गेली ना. लाइन आली का पाणी येईन."

"अगं, टाकी भरलेली आहे." मी तोटीखाली ग्लास धरला, भरला आणि तिच्यापुढे केला. तिने हात पुढे केला नाही.

"हे कायले देतं? हे उपसाचं पाणी हाय."

"कशाचं?"

"रातपासून त्या डब्ब्यात साचलं हाय थे. शिळं पाणी कोणी पेते काय? हे सारं बकेटीत उपसून टाका लागते, मंग नवं पाणी सुरू होते." तिने ओट्याखाली बोट दाखवलं. "थे पाह्य, थे पांढरी नई. तिच्यातून येते. बारीकच येते, पण वाहतं पाणी असते ना बाबू. झिऱ्यावानी. तिच्यातूनच तं मी रोज माठ भरतो."

माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. हळूहळू एकेक गोष्ट डोक्यात बसत गेली. आम्ही दोघं कामावर गेलो की ती टाकीतलं सगळं गाळलेलं पाणी बकेटीत सोडून द्यायची, आणि दिवसभरात टाकी भरत आली की पुन्हा पुन्हा. टाकी रिकामी झाली की मशीन चालू व्हायचं, आणि मशीन चालू झालं की नळीतून धार लागायची. त्या धारेखाली ती तांब्या धरायची, तांब्या-तांब्याने माठ भरायची आणि दिवसभर ते पाणी प्यायची. म्हणून टाकी रिकामी, म्हणून गाळण्या बाद, म्हणून मशीन दिवसभर राबत होतं. आमची फरशी आणि आमचा कूलर त्या पाण्यावर होता जे तिच्यासाठी घेतलं होतं. आणि किडन्या खराब झालेली माझी माय मशीनने नको म्हणून बाहेर टाकलेलं पाणी पीत होती.

झिरा काय ते मला ठाऊक होतं. नाल्याच्या वाळूत खोदलेला खड्डा. मायच्या माहेरच्या गावात विहीर होती, पण आमच्या लोकांसाठी नव्हती. विहिरीवर गेलंच तर घागर घेऊन लांब उभं राहायचं, कोणाला दया येईल तेव्हा तो वरून ओतणार. मायच्या आईला ते उभं राहणं सोसायचं नाही. म्हणून ती पोरींना घेऊन नाल्यात उतरायची आणि हातांनी वाळू उकरायची. खड्ड्यात रात्रभर साचलेलं पाणी पहिल्यांदा वाटीने उपसून फेकायचं, कारण त्यात कुत्र्यांनी तोंड घातलेलं असायचं, पाला कुजलेला असायचा. मग थांबायचं. वाळूतून नवं पाणी पाझरत येतं, ते वाटी-वाटीने घागरीत भरायचं. साचलेलं वाईट आणि पाझरतं चांगलं, हे माय चालायला लागल्यापासून शिकली होती, आणि त्यावर तिची सगळी भावंडं जगली होती. आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर तिला झिरा दिसला. तिने तो नेमाने उपसला.

हे सगळं मला आता इतकं नीट सांगता येतं. त्या दुपारी मी फक्त ओरडलो. "माय, ते घाण पाणी आहे! गाळून जी घाण उरते ती त्या नळीतून जाते! चांगलं पाणी डब्ब्यात आहे, डब्ब्यात!" खालच्या मजल्यावरची बाई गॅलरीत येऊन वर बघायला लागली.

मायने त्या नळीकडे बघितलं. मग तिने विचारलं, "मंग मी आतापावतर काय पेली, बाबू?"

मी तिथेच खाली बसलो आणि मला रडू आलं. ग्लासातलं पाणी तिने माझ्या हातातून घेतलं आणि डोळे मिटून, औषध घ्यावं तसं घेतलं.

डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. "याच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले, "आणि याच्यामुळे झालं नाही असंही म्हणता येणार नाही. आता तरी बरोबर पाणी द्या, आणि भरपूर द्या. उन्हाळा आहे." एवढंच. दोन उन्हाळ्यांचा हिशेब एका वाक्यात इकडचा तिकडे झाला. मला वाटलं होतं ते काहीतरी ठाम बोलतील. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

बायकोने मात्र डोकं शांत ठेवून सगळी व्यवस्था लावली. नळीचं टोक थेट मोरीत सोडलं, बकेट उचलून ठेवली. कामावर जाण्याआधी दोन बाटल्या टाकीतल्या पाण्याने भरून मायच्या खाटेजवळ ठेवायला सुरुवात केली. आणि मायचा पुन्हा घोटाळा होऊ नये म्हणून तिला मशीनसमोर उभं करून एक सोपी खूण सांगितली. "आई, हे बघा. हिरवा दिवा असला की पाणी चांगलं, खुशाल प्या. लाल असला की प्यायचं नाही. बाकी काही लक्षात ठेवू नका."

"हिरवा चांगला, लाल खराब. समजलं वं," माय म्हणाली.

समजलं, पण माय पहिल्यासारखी राहिली नाही. जिने आयुष्यभर घराला पाणी पुरवलं, हंड्याच्या बुडाच्या वासावरून पाणी कुठलं ते ओळखणारी बाई, ती आता ग्लास हातात घेऊन माझ्याकडे बघायची. "हे पिऊ काय?" पी म्हटलं की प्यायची. टाकीचं पाणी तिला बेचव लागायचं, "कोरं लागते" म्हणायची, तरी प्यायची. आम्ही ते माठात भरून बघितलं, तिने माठ घासला, भरू दिला, आणि तरी प्रत्येक वेळी विचारलंच. माझ्या बायकोने एकदा तिला म्हटलं, "आई, मला काय विचारता, तुम्हीच नाही का सांगायच्या आम्हाला?" माय म्हणाली, "मले कुठं समजते आता." हे ती रागाने म्हणाली नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

मे अर्धा उलटला आणि लाल दिवा लागला.

आता या दिव्याचं खरं मला एवढ्या मेकॅनिकांची डोकी खाऊन कळलेलं होतं. तो पाणी चाखून लागत नाही. गाळणी बदलायची मुदत संपली की आतलं घड्याळ तो लावतं, पाणी मग कसं का असेना. आणि मधल्या काळात आम्ही सगळ्या गाळण्या बदलल्या होत्या, पण कोण्या शहाण्याने ते घड्याळ पुन्हा मागे फिरवलं नव्हतं. पाणी चोख होतं. मी आणि बायको तेच पीत होतो. मी फोन लावला, बासरी ऐकली. मेकॅनिक "आज येतो" म्हणाला, मग "उद्या पक्का" म्हणाला, आणि मग फोन उचलेनासा झाला.

"माय, हा दिवा खोटा आहे," मी तिला म्हटलं. "पाणी चांगलं आहे. आम्हीही तेच पिऊन राहिलो. तू पी."

तिने मान हलवली. संध्याकाळी आलो की दोन्ही बाटल्या रिकाम्या असायच्या. मी निर्धास्त झालो. रात्री आमच्यासोबत जेवताना ती ग्लासभर पाणी घ्यायची, सकाळचा चहा घ्यायची. ऊन असं पडलं होतं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. कंपनीत दोन माणसं चक्कर येऊन पडली, म्हणून आम्हाला ताक वाटायला सुरुवात झाली होती. ताक पिताना मला मायची आठवण झाली होती आणि वाटलं होतं, बरं झालं, बाटल्या तरी संपवते.

बाटल्या ती कुंड्यांना घालत होती. हे शेजारणीने नंतर सांगितलं. भर दुपारी गॅलरीत येऊन म्हातारी मोगऱ्याला पाणी घालते म्हणून शेजारणीला नवल वाटलं होतं. आम्ही काळजी करू नये म्हणून ती बाटल्या रिकाम्या करत होती, आणि स्वतः ते पाणी पीत नव्हती, कारण दिवा लाल होता. नळाचं पाणी डॉक्टरांनी वाईट ठरवलं होतं. नळीचं मी. उरलं मशीनचं, त्यावर लाल दिवा. दिवा खोटा आहे हे मी सांगितलं होतं खरं, पण मागे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेलं पाणीसुद्धा खोटं निघालं होतं. मग माझं तोंडचं बोलणं ती कशाच्या भरवशावर खरं मानणार? आम्ही समोर बसून पीत असलो की ती पीत होती. आम्ही नसलो की तहान मारून बसत होती, नागपूरच्या मे महिन्यात, वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या खोलीत.

बायकोला एक दिवस पतसंस्थेतून लवकर सुट्टी झाली. माय गॅलरीच्या दारात पडलेली सापडली, एक हात कुंडीवर. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही.

दवाखान्यात सलाइन लागलं. दोन दिवसांनी ती बोलायला लागली, पण लघवी सुरू झाली नाही. तिथले डॉक्टर वेगळे होते, तरुण होते. त्यांनी विचारलं, "दिवसाला पाणी किती प्यायच्या?" माझ्या तोंडून निघालं, "फिल्टरचं प्यायची." ते म्हणाले, "कोणतं नाही विचारत मी. किती?" आधीच थकलेल्या किडन्या होत्या, म्हणाले, त्यात अंगातलं पाणी संपलं, ताण पडला, आता त्या परत चालू होतील अशी आशा धरू नका.

"माय, पाणी काहून नाही पेली तू?" मी खाटेजवळ वाकून विचारलं.

"लाल होता ना गा," ती म्हणाली. जणू हे मलाच कळायला पाहिजे होतं.

आम्ही दवाखान्यात होतो तेव्हा मेकॅनिक येऊन गेला. शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन त्याने कुठलंसं बटण दाबून धरलं आणि दिवा हिरवा करून गेला. घरी आल्यावर तो हिरवा दिवा बघून माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी पाना घेऊन ते खोकं भिंतीवरून उतरवलं आणि भंगारवाल्याला देऊन टाकलं. भिंतीत चार भोकं राहिली आहेत, ती बुजवायचं अजून झालं नाही.

आता आठवड्यातून दोनदा मायला डायलिसिसला न्यावं लागतं. मशीनने रक्त गाळून घेतात. किडन्या पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून प्यालेलं पाणी आत साचतं, पायांत उतरतं, छातीत भरतं आणि श्वास कोंडतो. एकदा तसं झालं, तेव्हा रिक्षात माझ्या मांडीवर तिचे डोळे पांढरे झाले होते. तेव्हापासून तिला पाणी मोजून मिळतं. सकाळी एवढं, जेवताना एवढं, औषधाबरोबर एवढं, त्यातच चहा आणि वरणातलं पाणी धरायचं. जास्त द्याल तर तुमच्याच हाताने जाईल, असं तिथल्या नर्सबाईंनी मला बजावलं आहे. ज्या डॉक्टरांनी भरपूर द्या म्हटलं होतं तेही आता थेंब मोजायला सांगतात.

पुन्हा उन्हाळा लागला आहे. मायच्या हातात स्टीलचा लहान ग्लास असतो, तो ती दिवसभर सोडत नाही. कोणतं पाणी, कुठलं पाणी, पिऊ का, हे आता ती विचारत नाही. नळाचं दिलं तरी पिईल, मोरीतलं दिलं तरी पिईल. तिची जीभ कोरडी पडून टाळूला चिकटते, बोलताना आवाज येतो. मी तिला बर्फाचा खडा चोखायला देतो, ओले बोळे ओठांवरून फिरवतो. खडा विरघळला की ती ग्लास माझ्यापुढे धरते.

"बाबू, थोडंसं."

"आता नाही, माय. संध्याकाळी."

"पाणीच तं मागून राहिली गा. दुसरं काय मागतलं तुले आजपावतर?"

खरंच काही मागितलं नाही तिने. मी नाही म्हणतो आणि दुसरीकडे बघतो. ती ग्लास खाली ठेवत नाही.